कोणत्याही स्वरूपातला संपर्क

...आता बोट! बोट वर करणं हा संपर्क झाला का, सांगा ना मला! गाडी चालवतोय, दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोरून दुसरी गाडी येतेय, आणि आपण हात न उचलता नुसतं एक बोट वर करायचं, एवढंच, की झालं! 'काय, बरंय ना?' 'बरंय, तुमचं?' सगळं त्या बोटात आलं. माझे वडील करायचे, त्यांचे वडील करायचे, ते तर ट्रॅक्टरवरून करायचे, आणि आता शहरातून एक वकीलबाई येते आणि मला विचारते, "डॉक्टर हाउगेन, ते बोट आपण कोणत्या हेतूनं वर केलंत?" हेतू! अहो, बोटाला कसला आलाय हेतू!

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्ही मलाच वेड्यात काढाल. तर मी डॉक्टर. गाव लिंडन लेक, विस्कॉन्सिनच्या पार वरच्या अंगाला, तळं मोठं आणि गाव छोटं. एका मोठ्या वैद्यकीय संस्थेचा इथे दवाखाना होता, त्यात मी नोकरीला. करारात एक कलम होतं, की नोकरी सोडलीत तर दोन वर्षं इथून तीस मैलांच्या आत डॉक्टरकी करायची नाही. मी सही केली. तेव्हा खिडकीबाहेर रानबदकं उतरत होती हो तळ्यावर, एकामागून एक, पाण्यावर पाय घासत... कोण कलमं वाचतंय! माझी बायको मार्लिस म्हणते, "आर्विद, तू लग्नाच्या रजिस्टरवर सही करतानासुद्धा बाहेरच बघत होतास." होतो. बाहेर बर्फ पडत होता, काय करू?

मग एक दिवस संस्थेनं गावातला दवाखाना बंद केला. परवडत नाही म्हणे. "पेशंट शहरात येतील, तुम्हीही या." येतील? व्हर्ना ओल्स्टाड येईल? चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती आमची व्हर्नाबाई, ऐंशी ओलांडलेली, काळीज कागदासारखं झालंय, बर्फात घरापासून चर्चपर्यंत जाते तेच देवाची कृपा, ती चाळीस मैल बर्फाळ रस्त्यानं जाणार छाती तपासायला? मी म्हटलं, नाही जमायचं. नोकरी सोडली. गावातलं फुलांचं दुकान रिकामं होतं ते भाड्यानं घेतलं, त्यात टेबल टाकलं, वजनकाटा ठेवला, एखाद-दुसरा पेशंट यायला लागला, आणि काय सांगू तुम्हाला, अजून वास यायचा तिथे, लिलीचा, ओल्या मातीचा... मी त्या रिकाम्या दुकानात बसून राहायचो आणि मला वाटायचं, इथेच. मरेपर्यंत इथेच. एवढंच हवं होतं मला.

आणि आली नोटीस! संस्थेनं दावा ठोकला. खटला निकालात निघेपर्यंत पेशंट तपासायचे नाहीत, आणि हरलो तर दोन वर्षं तीस मैलांच्या बाहेर. या वयात! माझं एक वेळ सोडा, व्हर्नाकडे दोन वर्षं कुठली आहेत?

आता इकडे रीत अशी, की खटला उभा राहायच्या आधी दोन्ही बाजूंनी एकमेकांची कपाटं उपसायची. तुमच्याकडचं मला दाखवा, माझ्याकडचं तुम्ही बघा. रीत चांगली आहे, माझं काही म्हणणं नाही. पण त्यांनी मागितलं काय? 'प्रतिवादीचा पेशंटांशी झालेला सर्व संपर्क, कोणत्याही स्वरूपातला.' कोणत्याही स्वरूपातला!

अहो, अख्खं गाव माझं पेशंट आहे! मार्लिससुद्धा! तिचा रक्तदाब मीच बघतो, कारण ती म्हणते, तो मीच वाढवतो. म्हणजे फ्रिजवर तिनं चिठ्ठी लावली, 'दूध आण', संपर्क! मी खाली लिहिलं, 'आणलं', प्रत्युत्तर! चर्चमध्ये शेजारच्यानं दानाचं ताट माझ्याकडे सरकवलं, संपर्क! पलीकडच्या लेरॉयनं न सांगता माझ्या दारातला बर्फ काढला आणि मी खिडकीतून कॉफीचा कप उंचावला, हा तर दुतर्फा संपर्क! कोणत्याही स्वरूपातला!

माझे वकील प्रिबिल. गरीब माणूस, जमिनीच्या बांधांचे खटले लढवून आयुष्य गेलं. ते म्हणाले, "डॉक्टर, झालं ते देऊन टाकू. पण आता नवीन संपर्क एकदम बंद. बोलणं बंद, फोन बंद." मी म्हटलं, "आणि बोट?" त्यांनी स्वतःचं बोट वर करून त्याच्याकडे पाहिलं. म्हणाले, "बोटही बंद."

तुम्हाला सांगतो, माणसाला काय काय सोसावं लागतं! सकाळी धुकं असायचं तळ्याकाठच्या रस्त्यावर, नुसतं दूध सांडल्यासारखं, झाडं नाहीत, कुंपण नाही, आपण कुठे चाललोय तेच कळत नाही, आणि त्यातून दोन पिवळे दिवे हळूहळू मोठे होत येतात, काच दिसते, आणि काचेमागे... एक बोट. कुणाचं तेही दिसत नाही. नुसतं बोट, धुक्यात, बरंय ना म्हणणारं. आणि मी दोन्ही हात घट्ट धरून समोर बघत निघून जायचो. हसू नका. मग एकट्यानंच गाडीत मोठ्यानं म्हणायचो, "बरंय, बरंय, तुमचं?" तो संपर्क धरत नाहीत, ऐकायला कुणी नसलं की.

पण गाव गप्प बसतंय? "डॉक्टरांनी बोट वर केलं नाही." "तुलाही नाही?" "म्हणजे काहीतरी मोठं झालंय." बेकरीत ठरलं की मला असाध्य रोग झालाय. केशकर्तनालयात ठरलं की मार्लिस सोडून चाललीय. आणि आमच्या गावात दुःखावर औषध एकच, कॅसरोल! बटाटे, चीज, मलई, वरून कुरकुरीत कांदा, भांडं दारात ठेवायचं, बेल वाजवायची आणि पळायचं. रोज दारात भांडी! मार्लिस म्हणाली, "मी सोडून चाललेय म्हणे. गेले असते, पण एवढं जेवण टाकून कुठे जाऊ?" मी चमचा घेऊन बसतोय, तेवढ्यात प्रिबिलांचा फोन, "खाऊ नका! पुरावा आहे तो!"

पुरावा! पेशंटाकडून आलेली वस्तू, म्हणजे संपर्क, कोणत्याही स्वरूपातला, आणि तो खाल्ला तर पुरावा नष्ट केल्याचा ठपका! फ्रीझर भरला, मग गॅरेजमध्ये थंडी होतीच म्हणून फळ्यांवर रांगा लागल्या, प्रत्येक भांड्याला प्रिबिलांनी चिकटपट्टी लावली. रात्रीचं आम्ही दोघं टोस्ट खायचो, आणि पलीकडून तो वास यायचा. खटल्यात माणसाचं काय काय जातं, त्यात हे कुणी लिहीत नाही.

मग माझी जबानी झाली. संस्थेची वकीलबाई व्हिटकोम, करड्या सूटमधली, फार सभ्य, आवाज असा मऊ की कान झोपेला यावा. बाहेर बर्फ पडत होता, मोठेमोठे पिसासारखे तुकडे, घाई नसलेले, एखादा तर खाली येता येता विचार बदलून परत वर जायचा... "डॉक्टर?" "अं?" "मी विचारलं, परक्या माणसाला आपण किती बोटं दाखवता?" मी म्हटलं, "एक." "ओळखीच्याला?" "दोन." "आणि पेशंटाला?" आता खरं सांगायला नको? म्हटलं, "त्याच्या तब्येतीवर आहे." असं लिहिलं त्यांनी, जणू खून कबूल केलाय!

त्यावरून भांडण न्यायाधीशबाईंपर्यंत गेलं. व्हिटकोमबाई म्हणतात, सगळ्या पेशंटांची नावं द्या. प्रिबिल म्हणतात, आजारी माणसांची नावं अशी वाटता येत नाहीत. त्या म्हणतात, मग बोटांचा हिशेब द्या. हे म्हणतात, बोट हा कागद नाही. भर कोर्टात, शपथेनं सांगतो, तासभर बोट हा विषय! न्यायाधीशबाई दूधवाल्या शेतकऱ्याच्या घरातल्या. चष्मा काढून म्हणाल्या, "बाई, आज कोर्टात येताना मीसुद्धा सात-आठ जणांना बोट वर केलं. मी कुणाचे पेशंट पळवले?" बोट सुटलं. कॅसरोलचे फोटो काढून भांडी परत करायची ठरलं. नावं द्यायची नाहीत, पण जे पेशंट आपणहून तयार असतील त्यांच्या जबान्या व्हिटकोमबाईंनी घ्याव्यात. आणि विचारायचं एवढंच, की या डॉक्टरात असं काय आहे, ज्यासाठी तुम्ही संस्था सोडून याच्याकडे जाल? कारण सगळा दावा त्यावरच होता. मी इथे बसलो तर माझ्या नावावर पेशंट ओढले जातील आणि संस्था बुडेल, असं त्यांचं म्हणणं.

मी सुखावलो होतो, खोटं कशाला बोलू? कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, आता ऐकू, एवढी वर्षं रात्री-अपरात्री गेलो, बाळंतपणं केली, म्हाताऱ्यांचे हात धरून बसलो... डोळे मिटूनच घेतले.

पहिला लेरॉय. चर्चचे कपडे घालून आलेला. "डॉक्टर हाउगेनांकडे का जाता?" लेरॉय म्हणाला, "गाडी लावायला जागा आहे." बाई म्हणाल्या, "आणखी काही?" "बेकरी शेजारी आहे."

मी डोळे उघडले.

बेकरीवाली आली. "निष्णात आहेत का ते?" "निष्णात... बरे आहेत. माझ्या गुडघ्याचं काही कळलं नाही त्यांना, पण ऐकून घेतात." "म्हणजे ऐकून घेतात म्हणून जाता?" "नाही हो, बहुतेक झोपलेले असतात. पण हलके झोपतात." पोस्टातला हार्लन म्हणाला, "संस्थेत थांबावं लागतं. यांच्याकडे कुणी नसतं."

आणि मग व्हर्ना. हात वर करून शपथ घेतली, पर्स मांडीवर ठेवली, पाठ ताठ. व्हिटकोमबाईंनी शेवटचं विचारलं, "उद्या हे तीस मैलांच्या बाहेर गेले, तर तुम्ही यांच्यामागे जाल?" व्हर्ना म्हणाली, "यांच्यामागे? अहो, यांच्यामागे कोण जाईल! हे रस्त्याच्या या बाजूला आहेत म्हणून येते. पलीकडे गेले तरी नाही जाणार."

संपलं! न्यायाधीशबाईंनी जबान्या वाचल्या आणि संस्थेला विचारलं, "या गृहस्थांच्या नावावर कोण ओढलं जाणार म्हणता?" संस्थेनं दावा मागे घेतला. मी जिंकलो. प्रिबिल मिठी मारायला आले, मी म्हटलं, जरा बसू द्या.

वसंतात दवाखाना सुरू झाला. काय गर्दी! दुकानाबाहेर बाकं टाकावी लागली, शहरातून, चाळीस मैलांवरून, माणसं येतात आणि त्यांना गाडी लावायला जागा मिळत नाही! मार्लिस म्हणते, "वेड्या, तुझ्यासाठी सगळे खोटं बोलले. कळत कसं नाही?" मी म्हणतो, शपथेवर? लिंडन लेकची माणसं? तिला वाटतं, हो. मला वाटतं, हो... म्हणजे वाटावंसं वाटतं. रात्री पडल्या पडल्या ठरवतो, उद्या विचारायचंच.

परवा व्हर्ना आली. छातीला नळी लावली, काळीज ऐकलं, बारीक, थबकत थबकत, पण चाललेलं. आणि राहवलं नाही. म्हटलं, "व्हर्नाबाई, खरं सांगा. त्या दिवशी जे बोललात, ते मला वाचवायला बोललात ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. इतकं प्रेमानं पाहिलं, काय सांगू! म्हणाली, "डॉक्टर, या वयात मी देवाच्या शपथेवर खोटं बोलेन, असं वाटतं तुम्हाला?"

मी म्हटलं, "आ करा. जीभ बघू."