भावजींच्या लॅपटॉपवरचं हिरवं बटण

नाही हो साहेब, भावजी न वाचता काही पुढे ढकलणारे नाहीत — नवऱ्याचे धाकटे भाऊ म्हणून नाही सांगत — बसा ना, ती दुपटी काढते मी खुर्चीवरची — तेवढं हळू बोला, बाळ आत्ताच झोपलंय. आता ऑफिसचं काम घरातच म्हटल्यावर सगळं माझ्या डोळ्यांसमोर चालतं. ते ॲपचं लिहितात, तुमच्या कंपनीचं मशीन ते तपासतं, आणि चूक सापडली की टुंग करून वाजतं. चुका तरी कसल्या? इथे जागा जास्त सुटली, तिथे नाव लांब झालं. मी म्हणायचे, भावजी, हे तर आईंच्याही वरताण! ते हसायचे आणि हिरवं बटण दाबायचे — म्हणजे बघितलं, जाऊ दे पुढे. दिवसातून वीसदा. न वाचता? तसं नाही म्हणाले मी... बरं, कधीकधी.

त्या आजोबांचं कळलं आम्हाला. गोळीची वेळ झाली की फोन वाजवायचा, एवढंच भावजींच्या त्या ॲपचं काम, आणि ते नवं करून पाठवल्यापासून दोन दिवस वाजलंच नाही. एकटेच राहतात म्हणे. शुद्धीवर आले का हो? ...भावजींची नोकरी जाईल? परवापासून धड जेवले नाहीत. ‘वहिनी, सवयीने माझाच हात गेला असणार,’ एवढंच बोलतात. असणार म्हणे! आठवणार तरी कसं, ते तर आंघोळीला गेले होते —

काही नाही. कुठे काय.

त्या दिवशी बाळाला ताप होता साहेब. तीन तास मी खांद्यावर घेऊन फिरत होते, नुकता कुठे डोळा लागला त्याचा, आणि हे टुंग, टुंग, टुंग. बाळ दचकलं. मी धावले. बटण कुठलं ते ठाऊक होतंच, रोज बघते. वर लाल अक्षरांत काहीतरी होतं. इंग्रजी येत नाही मला — म्हणजे सातवी झालेय, अक्षरं लावून लावून वाचते. ‘अलार्म’ वाचलं मी. तेवढं वाचलं, आणि तरी दाबलं.

लिहिताय? लिहा. आधी भावजींचं नाव खोडा... जिन्यावर तेच आले वाटतं. तुम्ही निघा आता. नाही, तुम्ही नका सांगू त्यांना — माझ्या तोंडून ऐकू देत. जा म्हटलं ना!