सतरा नंबरच्या तीन विटा

जबाब देणार: इन-चार्ज सिस्टर, हाडांचा पुरुष वॉर्ड. वय ५७ वर्षे. शिक्षण बी.एस्सी. नर्सिंग. धंदा नोकरी. राहणार रुग्णालयामागील परिचारिका वसाहत, खोली क्रमांक ११.

आज १२ तारखेस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते व या वॉर्डात एकोणतीस वर्षे काम करीत आहे. वॉर्डात खाटा बत्तीस आहेत. ९ तारखेला दुपारी चार वाजता रुग्ण त्रेपन्न होते. एकवीस जण खाटांच्या मधल्या जागेत गाद्यांवर होते. मोडलेली हाडे एकाहत्तर, कारण काही जण एकावर थांबत नाहीत. बहुतेकांना वाहनाने उडवलेले, बाकीचे उंचावरून पडलेले.

ऑपरेशन थिएटर एकच असल्याने मांडीचे हाड मोडलेल्याची पाळी अठरा दिवसांनी येते. तोवर मोडलेली टोके एकमेकांवर चढू नयेत म्हणून नडगीच्या हाडातून सळई घालतात व तिला दोरी बांधून कप्पीवरून वजन सोडतात. लोखंडी वजने चौदा जणांना पुरतात. पुढच्यांना विटा. विटा मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्वतः तोलून घेते. वजनांबाबत वरिष्ठांना सहा वेळा लेखी कळवले आहे. सहाही वेळा पोच मिळाली.

खाट १७ वरील रुग्ण रंगारी आहेत, वय ३४. इमारतीला रंग देताना परांची तुटून पडले व उजवी मांडी मोडली. त्यांना तीन विटा लावल्या होत्या. पाय आखूड जुळला तर पुन्हा परांचीवर चढता येणार नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले होते. वॉर्डातल्या सगळ्या विटांवर खाटांचे नंबर त्यांनीच पडल्या जागेवरून रंगवून दिले. आकडे सुबक आहेत.

तक्रारदार हे त्यांचे थोरले भाऊ, धंदा शिवणकाम. ते सोबतीचा पास काढून दिवसभर थांबत. भावाला भरवणे, अंग पुसणे, पाठ चोळणे, सगळे नीट करीत. अकरा दिवस मी इतर नातेवाइकांना त्यांचे उदाहरण देत होते.

९ तारखेला सकाळी नवा एक्स-रे आला. हाडाची टोके तीन सेंटिमीटर एकमेकांवर चढली होती. डॉक्टरांनी मला सगळ्यांसमोर विचारले, "सिस्टर, वजन लावलंय की शोभेला टांगलंय?" मी टेप लावून पाहिली. पाय तेवढाच आखूड भरला. माप रोज सकाळी घ्यायचे असते. आमच्याकडे ते आठवड्यातून एकदा होत होते. ही चूक माझी आहे, तशी लिहून घ्यावी.

दुपारी भेटीची वेळ सुरू झाल्यावर मी ड्रेसिंगच्या पडद्यामागे उभी राहिले. चार वाजून पाच मिनिटांनी तक्रारदारांनी स्टूल ओढले, विटा उचलून त्यावर ठेवल्या व म्हणाले, "घे, टेक आता जरा." रुग्णाने डोळे मिटले. मी पुढे नजर टाकली तर १९ ची वीट खिडकीत, २४ ची डब्यावर व २२ ची तिथे सोबतीला बसलेल्या एका मावशींच्या मांडीवर होती. चौकशीत कळले की चहा, जेवण आणि भेटीच्या वेळी वजन उतरवायचे व राउंडच्या आधी परत टांगायचे, ही पद्धत तक्रारदारांनी पाडली. नंबर घातलेले असल्याने विटांची अदलाबदल कधी झाली नाही. खाट १८ वरचे ट्रकचालक मला म्हणाले, "यांना माणसं आहेत, सिस्टर. माझी वीट उचलायला काळं कुत्रं येत नाही." त्यांचा पाय व्यवस्थित जुळतो आहे.

मी तक्रारदारांना विटा टांगायला सांगितले. ते म्हणाले, "तुमच्या पायाला बांधा तीन विटा, मग बघू." मी एक्स-रे उजेडाला धरला. त्यांनी तिकडे पाहिले नाही. आई गेल्यापासून याला आपणच वाढवला, तो कळवळतो तेव्हा तुम्ही कुठे असता, असे त्यांनी विचारले. तेव्हा मी उरलेल्या बावन्नांकडे असते.

मग ते विटाच फेकून देतो म्हणून दोन डाव्या बगलेत व एक उजव्या हातात घेऊन निघाले. मी त्यांचे उजवे मनगट धरले. रुग्ण म्हणाले, "दादा, ठेव रे त्या. सिस्टर बरोबर सांगतायत." तक्रारदार पूर्ण जोर लावून मागे ओढत होते. ते माझ्या हाताला कळत होते. मी हात सोडला. ते दोन पावले मागे गेले, गादीला अडखळले व मी हात सोडल्यामुळे पडले ते उजव्या हातावर. विटा शाबूत राहिल्या. मनगट मोडल्याचे मला आवाजावरून कळले. ते शिंपी आहेत.

मनगटात तार घालावी लागणार असल्याने त्यांना दाखल करून १७ च्या खाटेशेजारी गादी दिली. रजिस्टरात ते चौपन्नावे.

रुग्णाला डॉक्टरांनी चौथी वीट वाढवली आहे. आज सकाळच्या मापात पाय दीड सेंटिमीटर आखूड होता. ऑपरेशनला पाच दिवस आहेत. १७ च्या विटांना आता कोणी हात लावत नाही. काल मावशींनी २२ ची वीट उचलली तेव्हा तक्रारदार गादीवरून ओरडले, "मावशी, खाली सोडा ती." भाऊ कळवळतो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करतात.

तक्रार मागे घेण्यास ते तयार असल्याचा निरोप भावाकरवी आला आहे. अट एकच, त्यांच्या मनगटाला वीट बांधू नये. मनगटाला वीट बांधत नाहीत, हे मी त्यांना अद्याप सांगितलेले नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. हवालदारांनी "तक्रारदार तोल जाऊन पडले" असे लिहिले होते. विचारले असता ते म्हणाले, "बाई, एक वर्ष राहिलंय तुमचं." ते वाक्य खोडून "मी हात सोडल्यामुळे पडले" असे लिहवून घेतले व खाडाखोडीवर सही केली. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे.