तसबिरीतले सरळ दात

आजच्या या स्मरणसभेचे सन्माननीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, टूथपेस्ट कंपनीच्या कामातून सवड काढून आलेले प्रमुख पाहुणे, दंतवैद्यांच्या या संघटनेचे आजी-माजी पदाधिकारी, आणि समोर बसलेले तुम्ही सगळे, ज्यांची नावं माझे वडील विसरत पण दाढा कधी विसरले नाहीत, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. वडील नव्वदी ओलांडून गेले. प्रमुख पाहुण्यांना वीस मिनिटं मिळाली आणि त्यातली बरीचशी नव्या टूथपेस्टच्या पुदिन्यात विरघळली. तक्रार करत नाही. ज्याचा गौरव करायचा तो हयात नसला की सभा कशी सुरळीत पार पडते! मध्येच उठून तो "हे खोटं आहे" असं म्हणत नाही.

आत्तापर्यंतच्या प्रत्येक वक्त्याने बाबांना 'कुटुंबवत्सल' म्हटलं. ऐकून बरं वाटलं. याच संघटनेत पूर्वी त्यांच्यासाठी निराळा शब्द होता, तो मला पाठ आहे. घरकोंबडा. कारण दुपारी दवाखाना बंद करून ते जेवायला घरी येत आणि तुमच्या रात्रीच्या मेजवान्यांना येत नसत. एकदा परदेशातल्या परिषदेचं आमंत्रण त्यांनी परत केलं, कारण आईला ताप होता. "ताप उतरेल हो, परिषद पुन्हा येणार नाही," असं तेव्हाचे सचिव म्हणाले. बाबा म्हणाले, "परिषदेला माझ्याशिवाय झोप लागेल. हिला नाही लागत."

पुढे आईचे हात थरथरायला लागले. ब्रश धरवेना. शेवटची काही वर्षं रोज सकाळी बाबा तिला खिडकीपाशी उजेडात बसवत आणि तिचे दात घासून देत. हातातला पेला, खांद्यावरचा टॉवेल, सगळं दवाखान्यातल्यासारखं.

"आ कर. अजून मोठा."

"अहो, बायको आहे मी तुमची, पेशंट नाही."

"पेशंट इतकं बोलत नाहीत."

"आणि डॉक्टरांचे दात असे नसतात. आधी आरशात बघून या, मग मला शिकवा."

रोज हेच. रोज दोघं हसत. मी दाराबाहेर चहाचा कप घेऊन उभी राहत असे आणि तो संपेपर्यंत आत जात नसे.

आई म्हणत होती ते खरंच होतं. बाबांचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. गर्दीतल्या फोटोत मागचा माणूस पुढच्याच्या खांद्यावरून डोकावतो ना, तसे. माझेही तसेच आहेत, पुढच्या रांगेतून दिसत असतील. तेरा-चौदा वर्षांची असताना मी तारा लावून द्या म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. बाबांनी मला खुर्चीत बसवलं, दिवा लावला, नीट तपासलं. मग म्हणाले, "हे चावतात. किडलेले नाहीत. दुखत नाहीत. स्वच्छही होतात. यांचा गुन्हा काय?"

"लोक हसतात."

"मग त्यांचे दात दिसत असतील. किडलेले असले तर पाठव इकडे."

पुढे एवढंच म्हणाले, "अठराची झाल्यावरही हवं असेल तर मी स्वतः करून देईन. तोंड तुझं आहे, निर्णयही तुझा." अठराव्या वर्षी मी गेलेच नाही. तोवर मला ते दात बाबांचे वाटायला लागले होते.

माझं लग्न ठरत आलं तेव्हा मुलाकडची मंडळी घरी आली. त्याच्या आत्याबाईच सगळं बोलत होत्या. कॉफी पिऊन झाल्यावर कप खाली ठेवत म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे. तेवढे पुढचे दात सरळ करून द्या. तुमच्या तर घरचंच काम."

बाबा उठले आणि मुलासमोर जाऊन उभे राहिले. "चला, दवाखाना खालीच आहे. जरा खुर्चीत बसा."

"त्याला कशाला?" आत्याबाई म्हणाल्या.

"मघापासून तुम्हीच बोलताय. याला तोंड आहे का, तेवढं बघून घेतो."

मंडळी तरातरा निघून गेली. आठवड्याभराने तो मुलगा एकटाच आला. तोंड होतं त्याला. आज तो तिसऱ्या रांगेत बसलाय, आणि त्या तोंडाबद्दल आता माझ्या तक्रारी वेगळ्या आहेत.

हे सगळं इतकं लांबण लावून का सांगते आहे? सांगते.

सभा सुरू होण्याआधी अध्यक्षसाहेबांनी मला मागच्या खोलीत नेलं आणि कौतुकाने बाबांची तसबीर दाखवली. आता ती माझ्या उजव्या हाताला, या मखमली पडद्याआड आहे. माझं भाषण झालं की ही सोनेरी दोरी मी ओढायची, आपण टाळ्या वाजवायच्या आणि तसबीर कायमची या सभागृहात लागायची, असा कार्यक्रम आहे.

"कसे वाटले बाबा, ताई?" त्यांनी विचारलं.

तसबिरीत बाबा हसत होते. तोंडभर. आणि त्या तोंडात दातांची एक पांढरीशुभ्र, सरळ रांग होती. नव्याने रंगवलेल्या कुंपणासारखी.

मी म्हटलं, "हे कोण?"

"काय ताई, चेष्टा करता!"

"आणि हे दात?"

"ते थोडे सुधारून घेतले. इथे विद्यार्थी येणार, पाहुणे येणार. दंतवैद्याच्या तसबिरीत वाकडे दात म्हणजे... आपल्या व्यवसायाला शोभत नाही ना."

वा! बाबा जिवंत असताना तुम्ही सदस्यांच्या फोटोंची पुस्तिका काढलीत, तेव्हा त्यांना तोंड मिटून फोटो द्यायला सांगितलं होतंत. ते फोटो न देताच घरी आले आणि आईशी पत्ते खेळत बसले. जिवंतपणी जे तोंड तुम्हाला मिटवता आलं नाही, ते मेल्यावर उघडून दुरुस्त केलंत. केवढं हे कौशल्य! ना भूल, ना वेदना, ना पेशंटची तक्रार. आपल्या सबंध व्यवसायाचं हेच तर स्वप्न असेल.

अध्यक्षसाहेब, आपण तरुणपणी बाबांच्या हाताखाली काम केलंत, आत्ताच्या भाषणात त्यांना 'गुरुवर्य' म्हणालात. मग त्यांचा पहिला नियम आपल्याला आठवत असेल. सभागृहातल्या पुष्कळांना आठवेल. मशीन हातात घेण्याआधी ते प्रत्येकाला सांगत, "दुखलं, भीती वाटली, नुसता कंटाळा आला तरी डावा हात वर करा. मी थांबेन." तोंड उघडं असलेल्या माणसाला बोलता येत नाही, त्याचा हात हीच त्याची जीभ, असं ते म्हणायचे. लहान मुलं मुद्दाम हात वर करून बघत. बाबा दर वेळी थांबत. रागावत नसत. "खरंच थांबतो का बघतोस ना? बघ," म्हणत.

मी तेव्हा सुट्टीत दवाखान्यातला फोन घ्यायला बसत असे, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आपल्या खुर्चीत एक आजी होत्या. त्यांनी हात वर केला. आपण म्हणालात, "झालंच आजी, एवढंसं राहिलंय," आणि मशीन चालूच ठेवलंत. बाबा शेजारच्या खुर्चीवरून उठून आले आणि आपल्या पायाखालचं पेडल बाजूला सरकवलं.

"हात वर आहे."

"सर, एकच मिनिट—"

"मिनिट तुमचं. तोंड त्यांचं."

पुढल्याच महिन्यात आपण आपलं स्वतंत्र स्माइल सेंटर काढलंत. त्याच्या पाटीवर जे हसू रंगवलं आहे, तेच या तसबिरीत आहे. मघाशीच ओळखीचं वाटलं मला. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आपण ते एकच हसू वाटता. बाबा तेवढे राहिले होते. आता तेही सुटले नाहीत.

पण या कामात त्यांची संमती कुणी घेतली? त्यांचं तोंड उघडं आहे, बोलता येत नाही. मी त्यांचे हात शोधले. चित्रकाराने तसबीर छातीपर्यंतच काढली आहे. हात त्यात आलेच नाहीत.

म्हणून त्यांच्या वतीने मी माझा डावा हात वर करते आहे.

ही दोरी मी ओढणार नाही. चित्रकाराला बोलवा, ते दोन दात त्यांच्या जागी परत बसवा, मी आनंदाने येईन आणि पडदा दूर करीन. ते जमणार नसेल तर तसबीर मला द्या. घरी भिंत रिकामी आहे, आणि घरकोंबड्याला घरी राहायची सवय आहे.

अध्यक्षसाहेब, प्रमुख पाहुणे, संघटनेचे सगळे सदस्य, आपण मला बोलायला उभं केलंत, मनापासून आभार. विशेष आभार बाबांच्या पेशंटचे. आपण आपली तोंडं त्यांच्या स्वाधीन केलीत, याहून मोठा सत्कार त्यांना कधी हवा नव्हता. पाच मिनिटांची मर्यादा मोडली, वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढला, त्याबद्दल मोठ्या मनाने क्षमा करा.

खाली बसते आहे. अध्यक्षसाहेब, माझा हात मात्र अजून वर आहे.