वहिनींच्या ड्रमपुढे माझी गिटार

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही वाजवत का नाही?" अहो, वाजवतोय! घाम फुटलाय, बोटांना वळ पडलेत, एक तार तुटून गालाला चाटून गेलीये... आणि हा लॅबवाला, म्हणजे आमच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो तो, दिवसभर लोकांची रक्तं तपासतो, अत्यंत सभ्य माणूस, तो तालीम संपल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणतो, "आज बरं नाही का तुम्हाला? नुसतेच उभे होतात." नुसताच उभा! दोन तास! आता त्याला काय बोलणार? तुम्हाला सांगतो, त्याचं सोडा, मला मीच ऐकू येईना!

थांबा, नीट सांगतो. माझं चष्म्याचं दुकान आहे. पंचवीस वर्षं लोकांच्या नाकावर भिंगं ठेवतोय आणि एकच प्रश्न विचारतोय, "आता बरं दिसतंय की मघाशी?" शांत धंदा. कुणी ओरडत नाही, काही आपटत नाही. संध्याकाळी घरी यायचं, गिटार काढायची, ॲम्प लावायचा. ॲम्प म्हणजे काय, आवाज मोठा करणारी पेटी, दहा वॅटची, उचलून खिडकीत ठेवावी एवढी. पण घरात त्याचा काय दरारा! बायको म्हणायची, "अहो, जरा हळू, शेजारी भिंत ठोकतायत." शेजारी भिंत ठोकतायत म्हटल्यावर माणसाला वाटणारच ना, की आपला आवाज मोठा आहे? मला वाटलं. पंचवीस वर्षं वाटलं. मग वहिनींनी ड्रम घेतले.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्या दोघांची बेकरी. दादा गेला त्याला आता दोन वर्षं झाली. छातीत कळ आली, दुपारी भट्टीजवळ बसला, तो उठलाच नाही. आम्ही सगळे रडलो. वहिनी नाही रडल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे उठल्या आणि पीठ मळायला लागल्या. आणि असं मळलं, असं मळलं... की वर्ष सरता सरता गिऱ्हाइकं तक्रार घेऊन यायला लागली, पाव तुटत नाही म्हणून! एका म्हाताऱ्याची कवळी अडकली. तेव्हा वहिनींना कळलं, हे काही खरं नाही. गावातला एक नाचाचा क्लास बंद होत होता, तिथून अख्खा ड्रमसेट उचलून आणला आणि बेकरीमागच्या पिठाच्या गोदामात मांडला. मी विचारलं, "वहिनी, हे काय?" म्हणाल्या, "भाऊजी, काहीतरी आपटायला हवंच आहे. पण पीठ बिघडतं."

एक्कावन्नाव्या वर्षी, बरं का! ना क्लास, ना मास्तर. दुपारी भट्टी थंड झाली की गोदामात जायचं आणि हाणायचं. मला वाटलं, आठ दिवसांत कंटाळतील. सहा महिन्यांत या बाईनं असा हात बसवला की लॅबवाला पाव घ्यायला यायचा तो पिशवी हातात धरून तासभर गोदामाच्या दारात उभा राहायचा. शेवटी म्हणाला, "कॉलेजात असताना मी बेस वाजवायचो." झाला भरती. पुतणी पोहायला शिकवते, दिवसभर तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला हाका मारते, तिला गायला माईकसुद्धा लागत नाही. आणि मग वहिनी माझ्या दुकानात आल्या, हाताला पीठ तसंच. "भाऊजी, बेकरीवाल्यांच्या संघाचं संमेलन आहे. पंधरा वर्षं ह्यांनी त्याचं सगळं पाहिलं. तिथं आपण ह्यांचं गाणं वाजवायचं. ते तुमच्याशिवाय येतं कुणाला?"

खरंच कुणाला येत नाही. दादा रोज रात्री जेवण झालं की साधी लाकडी गिटार घेऊन ते एक गाणं वाजवायचा. मला त्यानंच शिकवलं, मी शाळेत होतो तेव्हा. नाही कसं म्हणणार?

पहिली तालीम. मी माझा दहा वॅटचा डबा घेऊन ऐटीत गेलो. वहिनींनी काठ्या उचलल्या, "एक, दोन, तीन, चार!" आणि... तुम्ही कधी पिठाच्या गोदामात ड्रम पाहिलेत का? प्रत्येक ठोक्याला पोत्यांवरून पिठाचा ढग उठतो! पहिल्या कडव्यात माझा चष्मा पांढरा, दुसऱ्यात मी पांढरा. गिटार? गिटार कसली ऐकू येतेय! मी सगळी बटणं शेवटपर्यंत पिळली, ॲम्प बिचारा घसा बसल्यासारखा खरखरायला लागला, आणि तरी मला मीच ऐकू येईना!

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे, वहिनींना सांगायचं, जरा हळू वाजवा. मीही तोंड उघडलं होतं. पुतणीनं माझा दंड धरून मला बाहेर नेलं. "काका, एक सांगते. आईला हळू वाजव म्हणायचं नाही. कुणीही नाही, कधीच नाही. ड्रम वाजवायला लागल्यापासून ती झोपते. कळलं?"

कळलं. म्हणजे वहिनी कमी होणार नाहीत. मग मलाच वाढायला पाहिजे!

गेलो वाद्यांच्या दुकानात. तिथला विक्रेता, केस खांद्यापर्यंत, चेहऱ्यावर अशी दया जशी मी मोतीबिंदू पिकलेल्या माणसाकडे बघताना आणतो. "सर, कुठल्या प्रकारचं म्युझिक?" म्हटलं, "वहिनींबरोबरचं." "नाही, म्हणजे, ड्रमर किती जोरात वाजवतो?" "वाजवतात. पीठ उडतं." त्यानं मान हलवली, आत गेला आणि एक कपाट ढकलत बाहेर आणलं. "सर... शंभर वॅट!" मग स्वतःच गिटार लावली आणि वाजवायला लागला, काय वाजवायला लागला, वा! दुकानाच्या काचा थरथरतायत, माझ्या पोटातलं पाणी हलतंय. मध्येच एक बटण फिरवून मला विचारतो, "सर, आता बरं वाटतंय की मघाशी?"

माझं वाक्य! मलाच! आणि तुम्हाला सांगतो, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कळलं की त्या खुर्चीत बसलेल्या माणसाची काय अवस्था होते. फरक काही समजत नाही आणि कबूल करायची लाज वाटते. अशी माणसं काय म्हणतात मला पाठ आहे. मीही तेच म्हणालो. "आता."

घरी आणायला दोन माणसं लागली. आवाज एकवर ठेवला, एकच तार छेडली, तर स्वयंपाकघरातल्या ताटल्या फळीवरून चालत पुढे आल्या! बायको दारात. "अहो, हे घर आहे."

पण तालमीत बघा म्हटलं आता! बटण तीनवर. वाजवलं. छतावरून जुनं पीठ पडलं. वहिनी थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि चेहरा असा उजळला... "भाऊजी! म्हणजे आता मला मोकळेपणानं वाजवता येईल!"

म्हणजे?! म्हणजे इतके दिवस त्या हात राखून वाजवत होत्या?

अहो, मग जे काय सुरू झालं! वहिनी मोकळ्या सुटल्या, म्हणून मी पाचवर गेलो. मी पाचवर म्हणून लॅबवाल्यानं बेस वाढवला, बेस वाढला म्हणून आयुष्यात कधी माईक न लागलेल्या पुतणीनं माईक मागवला, माईक आला म्हणून मी आठवर! गल्लीतली कुत्री गल्ली सोडून गेली. आणि या सगळ्यात, शंभर वॅट छातीशी घेऊन... मला मीच ऐकू येईना!

दुसऱ्या दिवशी दुकानात कानात नुसती शिट्टी. गिऱ्हाईक म्हणतंय "जवळचं", मी दूरचं भिंग लावतोय. तेवढ्यात रेडिओवाल्या मावशी आल्या. आमच्याच गल्लीत दोन दुकानं सोडून बसतात, सत्तरी उलटलीये, रेडिओ, टेप, ॲम्प, बोलणारी कुठलीही पेटी दुरुस्त करतात. बारीक तारा कथलानं जोडायला जाड भिंगाचा चष्मा हवा होता त्यांना. मी सगळी कहाणी सांगितली. मावशी म्हणाल्या, "ओरडू नका. मला ऐकू येतं. तुम्हालाच येत नाहीये." आणि पुढे म्हणाल्या, "तालीम कधी असते?"

आल्या. स्वतःचं लाकडी स्टूल घेऊन आल्या! मधोमध ठेवलं, बसल्या, डोळे मिटले. आम्ही वाजवलं. हलली नाही बाईंच्या कपाळावरची एक सुरकुतीसुद्धा. मग उठल्या आणि सरळ माझ्या पायाशी जमिनीवर बसल्या, ॲम्पसमोर कान. वाजवणं थांबलं. म्हणाल्या, "चष्मेवाले, तुमच्या गुडघ्यांना कान आहेत का?"

"नाही..."

"मग पेटी गुडघ्यांना का ऐकवताय? आवाज सरळ जातो. तुमच्या पायांमधून निघतो आणि समोर त्या माणसाच्या तोंडावर आदळतो." सगळ्यांनी लॅबवाल्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मी काही बोललो नाही." सभ्य माणूस हो! तीन तालमी सोसत होता!

मग मावशींनी बटणं पाहिली. "हे मधल्या सुरांचं बटण शून्यावर कुणी ठेवलं?" मी म्हटलं, "मीच. घरी तसं गोड वाटतं. खालचा घुमतो, वरचा किणकिणतो..." "खाली हा बेसवाला बसलाय, वर झांजा बसल्यात. तुमची जागा मध्ये. आणि मध्ये तुम्ही शून्य! तुम्हाला कुणी दाबलं नाही, तुम्हीच तुम्हाला पुसलंय."

आणि मग... मावशी वहिनींकडे वळल्या. पुतणीचा चेहरा पांढराफटक, आणि तो पिठानं नव्हे. मावशी म्हणाल्या, "किती वर्षं वाजवताय?" "आठ महिने." मावशींनी चष्म्यावरचं पीठ पुसलं. "आठ महिने... असंच वाजवा. यातलं काहीही कमी करू नका." बस. एवढंच. मी त्या बाईंच्या पाया पडायचं तेवढं बाकी होतं!

दोन दिवसांनी त्यांनी स्वतः दुरुस्त केलेली एक जुनी पेटी आणली. एकच मोठा स्पीकर, मागे काचेचे दिवे मंद पेटतात. म्हटलं, "किती वॅट?" "वीस." "वीस? मावशी, शंभर पुरले नाहीत!" तर म्हणाल्या, "तुम्ही चष्मा देता तो काचेच्या जाडीवर देता का नंबरवर? शंभर म्हणजे विसाच्या पाचपट आवाज नव्हे. दुप्पटसुद्धा नाही. योग्य नंबर लावा, दिसेल." ती पेटी त्यांनी आपल्या स्टुलावर ठेवली, जरा मागे कलती, माझ्या कानाकडे तोंड करून. मधलं बटण वर. "घरी शेंबडं, नाकातलं वाटेल," म्हणाल्या, "इथं बघा."

वहिनींनी मोजलं. वाजवलं दादाचं गाणं. आणि... काय सांगू! वहिनी तशाच हाणतायत, पीठ तसंच उडतंय, आणि त्या ढगातून माझी गिटार, एकेक सूर सुटा, स्वच्छ, नवा चष्मा लावल्यावर पाटीवरची शेवटची ओळ दिसावी तशी! मावशींनी विचारलं, "आता बरं ऐकू येतंय की मघाशी?" "आता!" मी ओरडलो, आणि या वेळी खरंच. हुरळूनच गेलो. स्वतःच्या आवाजानं! या वयात!

आणि दुसऱ्या कडव्याच्या शेवटी मी चुकलो.

तालमीत आजवर कुणाला कळलं नव्हतं, कारण ऐकूच येत नव्हतं. आता? चारी भिंतींना कळलं! मी मान खाली घातली. पण वहिनी... ठेका चालूच, आणि त्या हसतायत, हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि पुसायला हात मोकळे नाहीत. दोन वर्षांत पहिल्यांदा बघत होतो मी. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, हेही तिथंच चुकायचे. नेमके तिथंच, रोज. मला वाटलं होतं, ते आता कधी ऐकायला मिळणार नाही."

बरोबर आहे ना! शिकवलं त्यानंच, तर चूकही त्याचीच!

संमेलनाच्या दिवशी सभागृह भरलेलं, सगळे बेकरीवाले, दादाला ओळखणारे. मी गिटार उचलली आणि एकेक सूर असा सांभाळून, असा जपून वाजवला... की शेवटच्या रांगेतली माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. मी विजयी मुद्रेनं मागे वळलो. वहिनी माझ्याकडे बघतायत, काठ्या मांडीवर. "भाऊजी... आज तिथं काय झालं तुम्हाला?"

बरोबर वाजवलं होतं मी! तीस वर्षांत पहिल्यांदा!

आता पुढच्या महिन्यात परत कार्यक्रम आहे. म्हणून रोज संध्याकाळी बसतो, दुसरं कडवं काढतो आणि चुकायचा सराव करतो. पण ती चूक, जी तीस वर्षं न बोलावता येत होती, ती आता बोलावून येईना! बायको आतून विचारते, "अहो, जमलं का?"

काय सांगणार? म्हणतो, "नाही गं... आजही बरोबरच आलं."