बोलत्या मजारी

दगडूभाई : पुन्यांदा लाव. उजवा कान लाव, डाव्यात खडीची धूळ गेली असंल.

जैतून : दोन्ही लावले, दादा. गाल भाजला माझा. दगुड तव्यावानी तापलाय.

दगडूभाई : ध्यान नसंल तुझं. सातवीतनं शाळा सोडलीस, तवापास्नं कशातच ध्यान न्हाई. पूर्वजांच्या मोठ्या मजारीच्या उशाला खाच हाय बघ, तितं लाव. माझ्या अब्बांनी तितंच लावला, त्यांच्या अब्बांनी बी तितंच.

जैतून : खाच मला नका दाखवू. चार वर्साची हुते तवापास्नं बघतीय. काय बी ऐकू येत न्हाई.

दगडूभाई : येत न्हाई कसं? निजामशाहीच्या बादशाचं रगत हाय आपल्यात. आपल्या नातवंडांशी न्हाई बोलनार, तर कोनाशी बोलतील?

जैतून : बादशाचं रगत! काल दुष्काळी कामावर हजेरी घेताना कोनीतरी कारकुनाला ते सांगितलं. तर म्हनला कसा, "राजकन्या, खडी जरा बारीक फोडा." सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. हातोडाच फेकून मारनार हुते त्याला.

दगडूभाई : मारलास?

जैतून : न्हाई. हातोडा सरकारी हाय.

दगडूभाई : हस तू. सनद हुती आपल्याकडं, ती वाळवीनं खाल्ली. इनाम गेलं, घोडी गेली. राह्यलं काय? ह्यो आवाज. मिरगाच्या आधी सारं गाव तांब्याभर पानी घेऊन येतं, मजारीवर ओततं, इचारतं, पेरू का थांबू? आन आपन कान लावून सांगतो. तेवढ्यावर मान हाय आपल्याला. दिवाळीपास्नं माझे कान गेले गं. आता ऐकायचं तर तूच. माझा ल्योक, तुझा बाप, टरकावर गेला तो गेलाच.

जैतून : कान गेले? तुमचे?

दगडूभाई : गेलेच की. दिवाळीपास्नं एक शबुद न्हाई त्यांचा.

जैतून : मग परवा मी चुलीम्होरं त्या कारकुनाला हळूच शिवी घातली, ती कशी ऐकली? पार अंगनातनं वरडला, "तोंड सांभाळ कार्टे" म्हनून.

दगडूभाई : ते... ते जवळ हुतं.

जैतून : तुमचे कान धडधाकट हायत, दादा. तेच गप झालेत.

दगडूभाई : जीभ झडंल तुझी.

जैतून : झडू द्या. सडकेच्या कामावर सोमवारी खापराचा नळ निघाला. मांडीएवढा जाड. ओव्हरशेर म्हनला, डोंगरातनं नगर शहराला पानी न्यायला बादशाच्या टायमाला घातलेला नळ हाय. मी हुभी राहून नीट बघितलं. त्याची रेघ सरळ हितं येती, ह्या दोन मजारींच्या पोटाखालनं. आठवा की तुमी. श्रावनात तुमचे पूर्वज लई बोलायचे, चैतात नुस्तं पुटपुटायचे. कधी उलटं झालं का?

दगडूभाई : न्हाई झालं.

जैतून : पानी वाहत हुतं खाली. आता बहात्तर साल सरलं, त्र्याहत्तरचा चैत आला, पावसाचा पत्ता न्हाई. मी नळात हात घातला, दादा. आत कोळ्याचं जाळं लागलं हाताला.

दगडूभाई : म्हंजे साठ वर्सं मी...

जैतून : बादशाचंच पानी ऐकलं. त्यात काय खोटं न्हाई.

दगडूभाई : खोटं हाय. दिवाळीला गावातली झुंबरबाई इचारायला आली हुती, ऊसतोडीला जाऊ का थांबू. मला काय ऐकू आलं न्हाई. मला वाटलं, माझे कान गेले, ते तर बोलतच असतील. मग आपलं दरसालचंच सांगितलं. थांबा, पाऊस हाय.

जैतून : आन ती थांबली. पौषात तिचा बैल बसला तो उठलाच न्हाई.

दगडूभाई : ती बघ, तीच येतीय. जैतून, बेटी, एवढ्या बारीला बोलले म्हन. मागनं मी समजावतो तिला.

(झुंबरबाई पदरानं झाकलेला तांब्या घेऊन येते.)

झुंबरबाई : चाचा, आमचं पोरगं, कानिफनाथ, गाडी जुपून वाटंवर हुभं हाय. एक बैल आपला, एक जावंचा मागून आनलाय. देवळालीकडं भन हाय माझी, तितं कॅनलला पानी हाय म्हनत्यात. पन कुलूप लावताना हातच चालंना बगा. पोरगं म्हनलं, जा, इचारून ये. मिरगाला पाऊस हाय म्हनले तर बैलं सोडतो, हितंच ऱ्हातो.

दगडूभाई : आता माझ्या जागी ही ऐकती. जैतून, सांग मावशीला.

झुंबरबाई : सांग गं. काय म्हनत्यात?

जैतून : मावशी...

झुंबरबाई : बोल की. एरवी तर तुझं तोंड मिटत न्हाई.

जैतून : काय बी म्हनत न्हाईत. कधी म्हनलेच न्हाईत. खाली पान्याचा नळ हुता, त्याचा आवाज यायचा. तो बी आटलाय. तुमी निघा, मावशी. बैलं सोडू नका.

झुंबरबाई : चाचा?

दगडूभाई : खरं हाय. दिवाळीला बी मला काय ऐकू आलं न्हवतं. तुझा बैल माझ्यापायी गेला, झुंबरबाई.

झुंबरबाई : पवळ्या नाव हुतं त्याचं.

दगडूभाई : म्हाईत हाय मला.

झुंबरबाई : शेवटाला तोंडाम्होरं पानी धरलं, तर चाटंना बी.

दगडूभाई : शिव्या दे. बोल काय तरी.

झुंबरबाई : काय बोलू आता. पोरगं उन्हात हुभं हाय. सर जरा, जैतून, तेवढं मजारीवर ओतते आन जाते.

जैतून : मावशी, काय करताय! टँकरच्या रांगंत भांडून आनलंय ते. वाटंत प्या, बैलाला पाजा! सांगितलं न्हवं, खाली कोन बी बोलत न्हाई!

झुंबरबाई : ऐकलं गं. वरडू नगं.

जैतून : मग ओतताय कशाला?

झुंबरबाई : नळ आटला म्हनतीस. खाली मानसं तर हायत न्हवं?

जैतून : हायत की.

झुंबरबाई : मग? आमी चाललो, पोरी. ती कुठं जानार?