टायमिंग कव्हर मी बसवलं होतं

त्या शहाडच्या टेम्पोवाल्यावर मी का ओरडलो, ते ऐका. दादा गेला तेव्हा त्या टेम्पोचं इंजिन आमच्या गॅरेजात अर्धं उघडं होतं. दहावा झाल्यावर मीच ते जोडून दिलं. परवा तो आला आणि म्हणाला, "तुझ्या भावाने घाण करून ठेवली रे. पुढून ऑइल गळतंय."

"दादाचं नाव घेऊ नका!"

मी पुली काढली. इंजिनच्या तोंडावरचं टायमिंग कव्हर वाकडं बसलेलं, त्यातलं ऑइल अडवणारं सील एका बाजूने खाल्लेलं. दादा आधी पुली घालून कव्हर मध्यावर आणायचा, मगच बोल्ट आवळायचा. मी सिलिकॉन फासून सरळ आवळून टाकलेलं.

टेम्पोवाला नरमला. "जाऊ दे, गेलेल्या माणसाला काय बोलायचं."

मी पाना आपटला. "त्याला कशाला माफ करताय? हे मी केलंय. मला शिव्या घाला!"