मांडवातलं नवं कडवं

‘जी रं जी जी.’ दगूनानाची ती झील अजून माझ्या कानात आहे. भिला शाहीर ओळ गायचा आणि नाना मागून झील धरायचा. भिलाचं गाणं लोकांना एवढं आवडायचं, की कोरीट-धानोऱ्याकडे आधी त्याला सुपारी द्यायचे आणि मग लग्नाची तारीख काढायचे. माझ्या बहिणीच्या लग्नाची सुपारी घेतली आणि महिनाभरात तो वारला.

लग्नाच्या दुपारी नाना एकटाच आला. वडील म्हणाले, “नाना, ऱ्हाऊ द्या आते.”

“त्यानी सुपारी लियेल शे, भाऊ.”

भिलाचं तुणतुणं शेजारी ठेवून नाना बसला. भिलाची ओळ चालायची तेवढा वेळ गप्प राहायचा, मग झील धरायचा. गाणी सगळ्यांना पाठ होती.

गाणं संपलं, तरी नाना पुन्हा तसाच थांबला आणि झील धरली.

मी हळूच म्हणालो, “नाना, गानं तं सरनं.”

“नही रे. नवं कडवं गाई ऱ्हायना तो. वहिनीनं नाव घिदं त्यानी.”

भिला नवं कडवं गातोय आणि त्यात त्यानं बायकोचं नाव घेतलंय, असं नाना सांगत होता. भिलाची बायको मांडवाबाहेर उभी होती. एक कडवं तुझ्या नावाचं करीन, असं तो तिला शेवटच्या दुखण्यात म्हणाला होता. ते तिने फक्त माझ्या आईला सांगितलं होतं.

तिने आत येऊन तुणतुणं पदराखाली घेतलं आणि ती निघून गेली.